अण्णाची नदी आणि हत्तीण आजी

ज्या वर्षी आमच्या गल्लीत पाण्याची लॉरी एक दिवसाआड यायला लागली, त्याच वर्षी माझा मोठा भाऊ रघूअण्णा गिंडीतल्या एका कंपनीत बसून नदी बनवत होता. खरी नदी नव्हे, कॉम्प्युटरातली. मुलांसाठी एक मोठा सिनेमा निघत होता. त्यात माणूस म्हणून कुठे नाही, सगळी जनावरं, सगळं कॉम्प्युटरवर केलेलं. आणि त्यातलं पाणी तेवढं अण्णाच्या वाट्याला आलेलं. सकाळी मी मैलापूरच्या आमच्या घरासमोर प्लास्टिकच्या घागरी घेऊन रांगेत उभी असायचे. लॉरीचा पाइप सुटला की बायकांची एकच आरडाओरड उठायची, घागरीवर घागर आपटायची, आणि त्या गोंधळातून वाट काढत अण्णा इस्त्रीचा शर्ट सांभाळत बसकडे निघायचा. जाता जाता सांगायचा, "आज धबधब्याला फेस घालायचाय." मी म्हणायचे, "दोन घागरी घरी घेऊन ये." तो हसायचा. मला काही फार हसू यायचं नाही, कारण चौथी घागर भरायच्या आत पाइप बंद व्हायचा.

घर दोन खोल्यांचं, वर गच्ची. अम्मा गेली तेव्हा मी चौथी पास झाले होते, पाचवीत गेलेच नाही. अप्पा आणि अण्णा दोघांचं जेवणखाण पाहायला कोणीतरी हवं होतं, ते मी पाहिलं. मराठी वाचायला अप्पांनी शिकवलं, त्यांच्या पोथ्यांतून, आणि लिहायला मी नंतर पुस्तकं बघून बघून आपलं आपण शिकले. घरात आम्ही बोलतो ती तंजावरची मराठी, तिच्यात अर्धी तमिळ. पुण्याकडची माणसं ऐकून हसतात. म्हणून इथे जमेल तेवढं पुस्तकातल्यासारखं लिहिते आहे, जरी हे कोणी वाचणार नाही. हे सगळं घडलं तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांची होते, अप्पाही नव्हते. अण्णाचं लग्न झालं होतं, वैनी विम्याच्या ऑफिसात कारकून होती, त्यांची मीनू पहिलीत. मी स्वयंपाक करायचे, आणि परक्या माणसासमोर मान वर करायचे नाही. कोणी काही विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, "बेस." जेवण कसं झालं, साडी कशी आहे, मुलगा कसा वाटला, सगळ्याला बेस. दोन स्थळं मी अशीच बेस म्हणून बसले होते. ती त्यांच्या बाजूने मोडली म्हणून बरं.

पण मुलांसमोर माझी जीभ सुटायची. संध्याकाळी उजेड असेपर्यंत गच्चीवर मी मीनूला भात भरवायचे, आणि तिच्यासोबत गल्लीतली सहा-सात पोरं जमायची. मोठ्या पातेल्यात सांबारभात नाहीतर दहीभात कालवायचा, पोरं गोल बसायची, हात पुढे करायची. मी भाताचा गोळा करून एकेकाच्या तळहातावर ठेवायचे आणि सोबत गोष्ट सांगायचे. आमच्याकडे घरोघर बायका हे करतात, त्यात माझं असं काही नाही. माझं एवढंच, की मला गोष्ट चालली की नाही ते हातावरून कळायचं. गोष्ट रंगली की पोरं गोळ्याकडे बघत नाहीत. हात पुढे, गोळा तोंडात, पुन्हा हात पुढे. डोळे माझ्या तोंडावर. सांबारात घातलेला दुधी, ज्याला एरवी शिवणार नाहीत, तोही पोटात जातो. आणि गोष्ट फसली की पोरांना कढीलिंब दिसतो. "अत्ते, यात पान आहे." "अत्ते, याच्या गोळ्यात जास्त कांदे." पान दिसलं की मी समजायचे, आता गोष्ट वळवायला हवी, इथे काहीतरी उगाच लांबलंय.

त्या पाणीटंचाईत मी एक गोष्ट रचली. गुंडू नावाचं हत्तीचं पिल्लू. त्याची आजी म्हातारी, चालता येत नाही, तहानलेली. गुंडू लांबच्या नदीवर जातो, सोंड भरून पाणी घेतो आणि निघतो. एक थेंब स्वतः प्यायचा नाही असं आजीला कबूल करून आलेला. वाटेत खार भेटते, घोटभर मागते. सोंड भरलेली, नाही म्हणायला जावं तर पाणी सांडेल. देतो बिचारा. मग कुत्री, मग कोंबडी, मग शेळी. असं देत देत आजीसमोर येऊन उभा राहतो तेव्हा सोंड रिकामी. आता आजीला काय सांगायचं? इथे मी मुद्दाम थांबायचे आणि गोळे द्यायचे. सातही हात हवेत. गुंडू सांगतो, "आजी, नदी आटली होती." खोटं. मग आजी नुसती आपली सोंड पुढे करते. इथे मी माझा हात सोंडेसारखा वाकवून बोटांची टोकं एकेका पोराच्या नाकाशी न्यायचे आणि हुंगायचे. गुंडूची सोंड ओली आहे. आजीला कळलं. पोरं श्वास धरून बसायची. एकदा कोपऱ्यावरच्या घरातली जया रडलीसुद्धा. शेवटी आजी म्हणते, "मग उद्या दोघं जाऊ. हळूहळू." बस, एवढीच गोष्ट. ती मी किती वेळा सांगितली असेन कोण जाणे.

अण्णाने ती जिन्यात उभं राहून ऐकली, आणि आठवडाभराने घरी आल्या आल्या चपला न काढता म्हणाला, "अगे, डायरेक्टरला तुझी गोष्ट सांगितली. त्याला घ्यायचीय." त्यांच्याकडे तोवर नदी होती, जंगल होतं, माकड होतं, पण गोष्ट नव्हती! मला तेव्हाच शंका यायला हवी होती. चूल पेटवून, पातेलं चढवून, मग काय शिजवायचं ते विचारायला निघालेली माणसं. पण मी कुठली शंका घेणार. मी त्या दिवशी डांगर पचडी केली, अण्णाला आवडते म्हणून, आणि उडदाचं पीठ भाजता भाजता एकटीच हसत होते.

मग दर आठवड्याला गोष्टीतलं काहीतरी कमी होऊ लागलं. आधी खार गेली. "तिच्या शेपटीच्या केसांना दोन महिने लागतील," अण्णा म्हणाला. मग कोंबडी. पिसं म्हणे केसांहून वाईट. कुत्री आणि शेळी गेली, त्यांच्या जागी जे माकड आधीच बनून तयार होतं तेच चार वेळा आलं. मी म्हटलं, "एकच माकड चार वेळा पाणी मागतं? त्याला लाज नाही?" वैनी भाजी चिरताना फिसकन हसली. अण्णा नाही हसला. त्याचाही जीव वैतागला होता, ते दिसत होतं. आणि एक दिवस तो जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, "आजी जाणार."

"जाणार म्हणजे?"

"म्हाताऱ्या हत्तीच्या कातडीला सुरकुत्या किती असतात माहीत आहे? चालली की प्रत्येक सुरकुती हलायला हवी. एवढा वेळ नाही. तिच्याऐवजी सोनेरी उजेड येणार. नदीची देवी. आणि एक पाणी चोरणारा राक्षस. गुंडू त्याच्याशी लढणार."

"आणि तो खोटं कुणाशी बोलणार?"

"हिरो खोटं बोलत नाही म्हणे."

वैनी म्हणाली, "मग उरलं काय?"

"माझं पाणी," अण्णा म्हणाला, आणि ताटात हात धुतला. असं तो कधी करत नसे.

आता केस पिकल्यावरही माझा हा राग गेलेला नाही. मीनूची पोरं मला फोनवर असले सिनेमे दाखवतात. अस्वलाचा एकेक केस वाऱ्याने हलतो, डोळ्यात समोरचं झाड दिसतं, आणि ते अस्वल घर सोडून का चाललंय ते शेवटपर्यंत कळत नाही. मी विचारलं तर पोरं म्हणतात, "अज्जी, नुसतं बघ ना." नुसतं काय बघायचं? केस तर आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही आहेत, आणि ते कुठे चाललंय ते मला ठाऊक असतं.

तर, सिनेमा अर्धाअधिक झाल्यावर कंपनीने एका रविवारी सकाळी घरच्या माणसांना बोलावून तो दाखवायचं ठरवलं. मुलं कशी बघतात ते बघायचं, मग शेवटचे बदल. अण्णाने मला आदल्या दिवशी समोर बसवलं. "मी सारखा भांडतोय, आजी परत आणा म्हणून. माझं ऐकत नाहीत. पण डायरेक्टर तुला विचारणार आहे. गोष्ट तुझी. तू सांगितलंस तर तो ऐकेल, मला ठाऊक आहे. नंतर काही बदलता येणार नाही. फक्त जे वाटेल ते सांग. सांगशील?" मी मान हलवली. "तोंडाने बोल." "सांगेन," म्हणाले.

मी मीनूला आणि गल्लीतल्या पोरांना घेऊन गेले, सोबत सांबारभाताचा डबा, कारण सिनेमा जेवणाच्या वेळेपर्यंत चालणार होता. हॉल बर्फासारखा गार. नदी आली, आणि खरं सांगते, माझाही श्वास अडकला. एवढं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. दगडावरून सांडताना त्याचे थेंब वेगळे दिसत होते, खाली मासा पळताना वर लाट उमटत होती. हे माझ्या भावाने केलंय, असं मला शेजारच्या बाईला सांगावंसं वाटलं. पोरांची तोंडं उघडी पडली होती, मी गोळे देत होते, आणि तोंडं उघडीच राहत होती, गोळा हातात तसाच. मग धबधबा आला. तो येतच राहिला. वरून, खालून, मागून. मग देवी, मग उजेड, मग राक्षस. आणि अंधारात जया मोठ्याने म्हणाली, "अत्ते, यात पान आहे." पाठोपाठ मीनूला शू लागली. तिच्या शेजारचा पोरगा खुर्चीचं कव्हर उसवू लागला. मला पडद्याकडे बघायची गरजच उरली नाही.

दिवे लागले. डायरेक्टर सार सरळ माझ्याकडे आले. जाडसर, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, पण आवाज गोड. मागे कंपनीची माणसं, अण्णा भिंतीशी. "सोल्लुमा," ते म्हणाले, सांग बाई. "तुझा गुंडू कसा वाटला?" सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या हाताला सांबार लागलेलं, तो मी पदरामागे लपवला. सांगायचं सगळं जुळवून ठेवलेलं होतं. आणि तोंडातून निघालं, तमिळमध्ये, अगदी गोड, "रोंब नल्ला इरुक्कु, सार." फार छान आहे.

ते सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बघा! जिची गोष्ट तिला आवडली. आता काय पाहिजे?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णाने वाजवल्या नाहीत.

बसमध्ये तो माझ्यापासून दोन सीट पुढे बसला. घरी येऊन भडकला. "दहा महिने भांडतोय मी. दहा महिने! एक वाक्य मागितलं होतं तुझ्याकडे!" वैनी म्हणाली, "अहो, ती घाबरली." "घाबरली? सात पोरांना तास तास बसवते ती! तिथे नाही घाबरत?" आणि माझ्याकडे वळून, जरा हळू, "त्या माकडानेसुद्धा चार वेळा तोंड उघडलं, गे. तू नाही उघडलंस." हे मला फार लागलं, कारण माकडाला मीच हसले होते.

दुसऱ्या दिवशी अण्णाने डबा नेला नाही, रागाने. तो डबा घेऊन मी गिंडीची बस धरली. एकटीने अशी मी कधी कुठे गेले नव्हते. वॉचमनला डबा दाखवला, आत गेले. खोलीभर माणसं कानात बोंडं घालून पडद्यांकडे बघत बसलेली, पंख्यांसारखी एक घरघर कुठूनतरी येत होती. डायरेक्टर सार आपल्या टेबलाशी इडली खात होते. मी डबा तिथेच ठेवला आणि खाली बघून म्हटलं, "सार, काल मी खोटं बोलले."

त्यांनी घास थांबवला.

"बेस नाही. पोरं कंटाळली. आजी नाही तर तो पाणी नेतो कुणासाठी?"

"जगासाठी, मा. सगळं जग तहानलेलं आहे."

"कुठे तहानलेलं आहे, सार? तुम्ही जिकडेतिकडे पाणीच दाखवलंय."

कोणीतरी मागे हसलं. सार नाही हसले. हात पुसला, खुर्ची पुढे घेतली. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "पण पाणी झालंय, मा. झालेलं पाणी कोण काढू देईल? पोस्टरवर पाणी आहे. आजी आता करायची तर सहा महिने. कुठून आणू?"

तेव्हा मला काय झालं कोण जाणे. मी वर बघितलं. म्हटलं, "अस्की आजी कशाला पाहिजे?" अस्की म्हणजे सगळी, बोलत तमिळ होते, पण घाईत घरचा शब्द आला, मग तमिळमध्ये पुन्हा सांगितला. "मी पोरांना कुठे सगळी आजी दाखवते? एवढंच दाखवते." आणि मी हात वाकवला, आणि त्यांच्या नाकाशी बोटं नेऊन हुंगले. एका डायरेक्टरच्या! हाताला सकाळच्या फोडणीचा वास असणार. "सोंडेचं टोक. बाकी आजी झाडामागे राहू दे. आवाज असू दे. गुंडू खोटं बोलतो, टोक पुढे येतं, वास घेतं, बस."

सार माझ्या हाताकडे बघत राहिले. दारातून अण्णाचा आवाज आला, तो कधी येऊन उभा राहिला होता मला कळलंच नव्हतं. "टोक तीन आठवड्यांत होईल, सार. मी करतो. पाण्याचं काम संपल्यावर थांबून करतो." सार म्हणाले, "राक्षस काढणार नाही मी." अण्णा म्हणाला, "राहू दे राक्षस."

ते टोक अण्णाने केलं. देवळातल्या हत्तिणीसमोर जाऊन सुट्टीच्या सकाळी उभा राहायचा, केळी द्यायचा, ती सोंड पुढे करायची तेव्हा वाकून वाकून बघायचा. माहूत विचारायचा, काही नवस आहे का.

सिनेमा लागला. आम्ही दुपारच्या खेळाला गेलो, कंपनीची सगळी माणसं होती. नदी आली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. धबधबा आला आणि थिएटरच्या त्या मऊ खुर्चीत, गार हवेत, मला झोप लागली. वैनीने कोपर मारलं तेव्हा गुंडू रिकामी सोंड घेऊन उभा होता. "नदी आटली होती," तो म्हणाला. झाडामागून ते टोक आलं. काळसर, कडांना गुलाबी, बारीक केस, किंचित थरथरणारं, जणू त्यालाच ऐकायला भीती वाटत होती. त्याने हुंगलं. एवढ्या मोठ्या थिएटरात पॉपकॉर्नच्या पुड्यांचा आवाज थांबला. माझ्या पुढच्या रांगेतला एक बाप्या हळूच फोन खिशात ठेवत होता. जेमतेम काही क्षण. मग धडाड्‌धूम, राक्षस, उजेड, पुन्हा पाणी.

बाहेर डायरेक्टर सार लोकांचे हात हातात घेत उभे होते. मला बघून हसले. "सोल्लुमा. आता?"

"आजी फार छान, सार. त्याच्या आधी मला झोप लागली."

आजूबाजूची चार माणसं वळून बघू लागली. सारांचं हसू होतं तिथेच राहिलं, पण त्यात काही उरलं नाही. ते "थँक्स मा" म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले. त्यांनी मला पुन्हा कधी गोष्ट विचारली नाही. पेपरात पाण्याचं कौतुक आलं, अण्णाचं नाव न घेता. आजीबद्दल कोणी अक्षर लिहिलं नाही, आणि सिनेमा लवकरच उतरला.

पण मला सांगायचं आहे ते ऑटोतलं. मीनू मांडीवर पेंगत होती, वैनी मध्ये, अण्णा पलीकडे बाहेर बघत. ऑटोने अड्यार नदीचा पूल ओलांडला. मग अण्णा म्हणाला, "एवढ्या लोकांसमोर? थोडं गोड बोलायला काय जात होतं तुझं?"

मी म्हटलं, "तूच म्हणालास, तोंड उघड."

वैनी तोंडावर पदर धरून हसू लागली. "हसू नकोस," तो तिच्यावर खेकसला. मग माझ्याकडे न बघता, "खरंच झोप लागली?"

"लागली."

"कुठे?"

मला ठाऊक होतं, धबधबा चौदा महिन्यांचा होता. त्यासाठी तो मीनूच्या वाढदिवसाला आला नव्हता, त्याच्या डोळ्यांना चष्मा लागला होता. खोटं बोलायला तेव्हाही वेळ होता, शब्द तर तोंडपाठ होता.

"धबधब्यात," मी म्हणाले.

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. ऑटोवाल्याने सिग्नलला ब्रेक मारला, मीनू दचकून जागी झाली आणि परत झोपली. मग अण्णाने खिशातून पेन काढलं, तिकिटाची मागची बाजू गुडघ्यावर ठेवली आणि वैनीच्या पलीकडून माझ्याकडे वाकून विचारलं, "कुठल्या शॉटला? वरून दाखवलाय तो, की खालून?"

"दोन्ही," मी म्हटलं, "पण वरचा आधी लिही."